तेवीस नंबरचा ग्राहक

मी गॅसचे मीटर वाचते. तिबिलिसीत, चुघुरेती भागात.
चौदा वर्षं झाली.
इथलं प्रत्येक दार मला ओळखतं आणि कुरकुरतं.

रविवारी सगळ्यांसारखी मीही मोठ्या बागेत जाते,
कारंज्यापाशी चपला काढून बसते.
म्हातारे नर्दी खेळतात, फासे असे आपटतात
जणू समोरच्याच्या टाळक्यावरच आपटायचे होते.
कानात पिवळा बिल्ला असलेली कुत्री
ज्याच्या हाती खायला काही, त्याच्या शेजारी बसते;
कुणाची नाही म्हणून सगळ्यांची.
हिरवळीवर चालू नये, अशी पाटी आहे.
पाटीला टेकून कुणीतरी नेहमी झोपलेलं असतं.
बरं वाटतं तिथे, खोटं कशाला बोलू.

पण माझी बाग वहीच्या समासात आहे,
आकड्यांशेजारी, पेन्सिलीनं:
नऊ नंबर – जिन्याखालून वाकून गेलं की डाळिंब.
एकतीस – गॅरेजमागे द्राक्षाचा मांडव,
मांडवाखाली मोटार, मोटारीत कोंबड्या.
चाळीस अ – गच्चीवर बाथटब, टबात पुदिना.
साहेबांना वाटतं, मी गळतीच्या नोंदी करते.
तसंच म्हणायचं.

तेवीस नंबर मात्र दोन वर्षं सापडला नाही.
यादीत होता, रस्त्यावर नव्हता.
एकवीसनंतर थेट पंचवीस, मध्ये पत्र्याचं कुंपण,
त्यावर निवडणुकीची पोस्टरं एकावर एक,
चार सरकारांइतकी जाड.

मग एका जूनमध्ये फुटपाथ जांभळा दिसला.
चपलेला तुती चिकटल्या. वर पाहिलं.
पत्रा ढकलला, तर तो दाराच्या सवयीनं सरकला.

आत घर नव्हतं.
शेजारच्या भिंतीवर निळ्या फरशांचा एक चौकोन,
जिथे कुणाचा तरी ओटा असेल,
आणि त्यावर चढलेला घेवडा.
बाकी सगळं झाड. एकच, पण आळीएवढं.
खाली न्हाव्याची जुनी खुर्ची, खुर्चीत गुराम,
बंद पडलेल्या थिएटरचा ऑपरेटर,
दाढीला बसल्यासारखा मान मागे टाकून
पानांचा खेळ बघत.
चौथ्या मजल्यावरून त्सियाला नावाची बाई
न्हाणीघरातल्या नळीनं घेवड्याला पाणी घालत होती,
अधूनमधून गुरामलाही.

"सरकारकडून आलात?" तिनं वरून विचारलं.
"गॅसकडून."
"मग बसा."

मीटर होता. बुंध्यालगत,
सालीनं अर्धा गिळलेला.
पदरच्या रुमालानं काच पुसली: ०४७१६.
पुढल्या महिन्यात ०४७१६.
बर्फ पडलं तेव्हाही ०४७१६.

नियम मला पाठ आहे. वापर शून्य, तर कळवा.
कळवलं की माणूस येतो,
माणसामागून टेप,
टेपमागून चकचकीत बूट आणि गुंडाळलेला नकाशा,
आणि मग सावली पडते ती क्रेनची.

म्हणून आकडा मीच चालवते.
महिन्याला दोन घनमीटर, थंडीत पाच.
बिलही मीच भरते, चार कप कॉफीचे पैसे.
साहेब एकदा म्हणाले, "तेवीसवाला फार काटकसरी."
म्हटलं, "म्हातारा आहे. एकटाच असतो.
ऊन असलं की त्याला दुसरं काही लागत नाही."

आता कंपनीनं फोन दिलेत.
आकडा लिहायचा नाही, मीटरचा फोटो पाठवायचा.
परवा साबा नावाचा नवा पोरगा सोबत दिला,
शिकवायला. मी त्याला की तो मला, कळलं नाही.

एकवीसपाशी मी उगाच वही उलटसुलट केली.
"तेवीस कुठाय?" त्यानं विचारलं.
मी पंचवीसकडे बोट दाखवलं.
त्यानं बूट उचलून तळ पाहिला.
मग कुंपण. मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

"मला तुती आवडत नाहीत," म्हणाला,
फोन खिशात टाकला,
आणि पत्रा कुठल्या बाजूनं सैल आहे
ते चाचपू लागला.